‘चालणार नाही’ या शब्दांचे तीन अर्थ

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनं विंडोज १० ची नियमित सेवा थांबवली. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. मात्र सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या फुकट आणि आपोआप मिळणं संपलं. ज्यांनी नोंदणी केली, त्यांना तेवढी वर्षभराची मुदत मिळाली. मग लोक विंडोज ११ चढवायला निघाले आणि अनेकांच्या पडद्यावर एकच निरोप आला: हा संगणक विंडोज ११ च्या किमान अटी पूर्ण करत नाही.

आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये दुकानाच्या काउंटरवर या निरोपाचा अर्थ दोन शब्दांत सांगितला जातो, ‘चालणार नाही’. गजानन मार्केट, जपानी बाजार आणि आसपासच्या गल्ल्यांत छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब जुन्या, बरेचदा दुसऱ्या हातानं घेतलेल्या संगणकांवर असतात. नवा घ्यायचा म्हणजे कुणाचा तरी एखादा सण बुडतो. म्हणून ते दोन शब्द तपासून घ्यायला हवेत. मी कविता लिहिणारा बी.ए. माणूस, इंजिनिअर नाही. पण शब्द तपासण्याची सवय आहे, आणि माझ्या पाहण्यात या ‘चालणार नाही’चे तीन वेगळे अर्थ आले.

ते सांगण्याआधी एक ओळख करून देतो. आपण बटण दाबतो तेव्हा विंडोज लगेच जागी होत नाही. तिच्याआधी एक छोटा प्रोग्राम उठतो. तो हार्ड डिस्कवर नसतो, मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये लिहिलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. बाजारातला नोकर सकाळी शटर उघडतो, दिवे लावतो, माल जागेवर आहे का पाहतो आणि मग शेठ गादीवर येऊन बसतात. फर्मवेअरचं काम या नोकराचं. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यातल्या या प्रोग्रामचं नाव होतं बायोस. पुढे इंटेलनं नवी पद्धत काढली, तीच आजची यूईएफआय. २००५ पासून अनेक कंपन्यांची एक संघटना तिचे नियम ठरवते. लोक मात्र अजूनही तिला बायोसच म्हणतात. त्यात नवल नाही. आमच्या गावाला ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी पत्ता सांगताना आम्ही अजून ‘कॅम्प’ आणि ‘बॅरक नंबर’च सांगतो.

आता पहिला अर्थ: वस्तू आहे, पण झोपलेली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाचा सुरक्षा विभाग लागतो. डिस्कवरच्या कुलपांच्या किल्ल्या तो सांभाळतो. आमच्या शेजारी कपडे शिवण्याचा लहानसा कारखाना आहे. त्यांची मुलगी हिशेब पाहते. ती एकदा म्हणाली, “चाचा, आमच्या कॉम्प्युटरला ती चिपच नाही म्हणतात. नवा घ्या म्हणाले.” तिच्या संगणकात इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर होता. अशा यंत्रांत टीपीएमची वेगळी चिप नसली तरी तिचं काम करणारी सोय इंटेलच्याच यंत्रणेत असते. फक्त तिचं नाव तिथं टीपीएम असं नसतं. इंटेल तिला पीटीटी म्हणतं, एएमडी एफटीपीएम म्हणतं. पुष्कळ मदरबोर्डांवर ती सुरुवातीपासून बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना एफ-२ किंवा डिलीटचं बटण पटापट दाबलं, काही कंपन्यांत एफ-१० किंवा एस्केप, की फर्मवेअरचा पडदा उघडतो. तिथं पीटीटी चालू केलं, आणि ‘नसलेली’ चिप हजर झाली.

याच पडद्यावर दुसरी एक जोडी असते: लेगसी आणि यूईएफआय. विंडोज ११ ला यूईएफआय हवं, शिवाय सिक्युअर बूटची सोय हवी. सिक्युअर बूट म्हणजे दारात येणाऱ्या प्रोग्रामची सही तपासणं. पण जुनी विंडोज लेगसी पद्धतीनं बसवलेली असेल आणि आपण नुसतं यूईएफआय निवडलं, तर पडद्यावर येतं की चालू करायला डिस्कच सापडत नाही. इथं माणूस घाबरतो आणि कुणीतरी त्याला डिस्क कोरी करायला सांगतं. म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. डिस्कवरचं सगळं जागच्या जागी असतं. डिस्कची मांडणी जुनी आणि दार नवं, एवढंच झालेलं असतं. निवड पुन्हा लेगसी करा, जुनी विंडोज उघडते. ती मांडणी बदलणारं साधन मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० मध्येच दिलेलं आहे. मात्र ते वापरण्यापूर्वी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी.

आणि मदरबोर्डवरचा तो रुपयाएवढा गोल सेल. त्याचा नंबर सीआर २०३२. तो संपला की संगणक तारीख विसरतो, कित्येकदा आपण केलेली निवडही विसरतो. तारीख काही वर्षं मागं गेली की वेबसाइटची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटू लागतात आणि इंटरनेटच बिघडलं असं आपण समजतो. एका साध्या सेलनं हे दुखणं जातं. म्हणून तपासणीची सुरुवात तारखेपासून करावी.

दुसरा अर्थ: यंत्राला जमेल, पण यादीत नाव नाही. विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे मान्य आहेत. सातव्या पिढीचे, थोडे अपवाद सोडले, तर नाहीत. अशा यंत्रांवर ती अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही. पण अशा संगणकांना पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट सांगितलं आहे. ज्यावर रोजचे हिशेब आहेत, त्या यंत्रावर मी तरी हा खेळ करणार नाही.

पण यादीत नाव नाही म्हणजे उपयोग संपला, असंही नाही. आमच्या बॅरकी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्यांत उतरली. बांधणाऱ्यांच्या आराखड्यात संसार नव्हते. पण भिंती होत्या, छप्पर होतं. लोकांनी मधे आडोसे घातले आणि संसार चालवले. अशा संगणकांसाठी लिनक्स आहे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं ते लिहायला घेतलं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनंही ‘बॉस’ नावाची लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली काढली. उबुंटू किंवा मिंटसारख्या प्रणालींत इन्स्क्रिप्टचा मराठी कळफलक मिळतो. ब्राउझरमधली कामं होतात. टॅली मात्र थेट चालत नाही. ज्याचं दुकान टॅलीवर आहे त्यानं हे आधीच समजून घ्यावं.

लिनक्स बसवतानाही फर्मवेअर आडवं येतं. बसवणारा प्रोग्राम म्हणतो, डिस्क दिसत नाही. डिस्क असते, पण साटा नावाची निवड ‘रेड’वर असते, ती ‘एएचसीआय’ करावी लागते. जुनी विंडोज तशीच ठेवायची असेल तर ही निवड बदलल्यावर ती उघडेनाशी होऊ शकते, तेव्हा पूर्वीची निवड लक्षात ठेवावी. पेन ड्राइव्ह ओळखला जात नसेल तर ‘फास्ट बूट’ बंद करून पाहावं. सिक्युअर बूट मात्र दरवेळी बंद करायला लागत नाही. उबुंटूकडे मान्य सही आहे.

तिसरा अर्थ खरा नकार. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये काही ठराविक आज्ञा असाव्याच लागतात. कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरांत त्या नाहीत. तिथं कुठलीही निवड फिरवून उपयोग नाही. अशा यंत्रावर एखादं हलकं लिनक्स चालेल, आणि तेही रडतखडत चालत असेल तर ते अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. विंडोजमध्ये बिटलॉकर नावाचं कुलूप असतं. पुष्कळ लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत लागलेलं असतं. फर्मवेअरमध्ये टीपीएम किंवा सिक्युअर बूट बदललं की विंडोजला वाटतं, कुणी परकं आलं. मग ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. एका ओळखीच्या व्यापाऱ्याचा लॅपटॉप एका दुकानात असाच न विचारता बदलला गेला. तीन वर्षांची बिलं, जीएसटीची कागदपत्रं, उधारीची नावं, सगळं आत अडकलं. बायकोचे दागिने मोडून सुरू केलेला धंदा होता तो. दोन दिवस माणसानं अन्न घेतलं नाही. त्याच्या भाच्यानं लॅपटॉप पहिल्यांदा स्वतःच्या ईमेलवर सुरू करून दिला होता, हे तिसऱ्या दिवशी आठवलं. किल्ली भाच्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात निघाली. नसती निघाली आणि बदललेलं पुन्हा जागेवर नेता आलं नसतं, तर जगातल्या कुठल्याही कारागिराला ते कुलूप उघडणं अवघड गेलं असतं.

म्हणून श्रोतेहो, यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी तीन गोष्टी करा. बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून घरात ठेवा. कामाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. फर्मवेअरच्या पडद्याचे मोबाइलवर फोटो घ्या, म्हणजे बदललेलं पुन्हा जागेवर नेता येईल. आणि कारागिराला विचारा: भाऊ, झोपलंय, यादीत नाही, की खरंच जमत नाही? दुसऱ्याच्या हिशेबाची वही ही अमानत असते. ती हातात घेणाऱ्यानं या प्रश्नाचं उत्तर दिलंच पाहिजे.