प्रथम वर्षाचा वर्ग : जुलैचा हजेरीपट आणि मार्चचा



 राज्यभरातल्या प्राध्यापकांच्या या परिषदेत आज मी एकाच विषयावर बोलणार आहे : आपल्या अनुदानित महाविद्यालयांतला प्रथम वर्षाचा वर्ग. त्या वर्गात कोण येते आणि वर्षाअखेर कोण उरते?

कोण येते, याचे उत्तर अभिमान वाटावा असे आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा उच्च शिक्षण मोजक्या घरांपुरते होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि नोकरदारांना शिकता यावे म्हणून तास सकाळी ठेवले. १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभारले. तिथली मुले कमवत शिकली. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला आणखी आठ वर्षे होती. या संस्थापकांनी आधी विद्यार्थ्याचे गाव, मिळकत आणि दिवसाचे तास पाहिले, मग वेळापत्रक आखले.

आज प्रवेश अर्जावर प्रवर्ग नोंदवला जातो. अनुसूचित जातींसाठी १३ टक्के, जमातींसाठी ७, विमुक्त-भटक्यांसाठी ११, इतर मागासवर्गासाठी १९ टक्के जागा राखीव आहेत. ही तरतूद मोलाचीच आहे. पण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले मूल कोणते, पहाटेची एसटी धरून कोण येते, दुपारनंतर दुकानात कोण राबते, बारावीपर्यंत मराठीत शिकून एफवाय बीएस्सीला इंग्रजी व्याख्यानासमोर कोण गप्प बसते, हे अर्ज सांगत नाही. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांतली काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात. त्यांचे दुसरे सत्र तिथेच बुडते. एखाद्या मुलीचे लग्न ठरते आणि ती परीक्षेला येत नाही. आपण मात्र हजेरीपटावर लाल शेरा मारून पुढच्या नावाकडे वळतो.

प्रवेश देऊन आपले कर्तव्य संपते, असे मी मानत नाही. जुलैत आलेला वर्ग मार्चपर्यंत टिकवणे, ही आपल्या शिकवण्याची खरी कसोटी आहे.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने जुलै आणि मार्च या दोन्ही महिन्यांची पटसंख्या प्रवर्ग, लिंग, शिक्षणाचे माध्यम आणि गावापासूनचे अंतर यांनुसार महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवावी. प्रथम वर्षाचे तास केवळ तासिका तत्त्वावरील तरुण सहकाऱ्यांवर न सोपवता विभागातल्या सर्वांत अनुभवी प्राध्यापकाने घ्यावेत. विज्ञान आणि वाणिज्य शाखांत पहिले सत्र तरी मराठी-इंग्रजी दोन्हींतून शिकवावे. आणि शासनाने शिष्यवृत्ती व वसतिगृहाचा निर्वाह भत्ता सत्राच्या सुरुवातीलाच द्यावा. वर्ष उलटल्यावर आलेल्या पैशाने खोलीचे थकलेले भाडे फिटेल, पण कॉलेज सोडून गेलेला मुलगा परत येणार नाही.

यांतल्या तीन गोष्टींसाठी आपल्याला कोणाच्या आदेशाची वाट पाहायची नाही. येत्या जुलैपासून त्या सुरू कराव्यात, असा ठराव या परिषदेने मंजूर करावा, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.