आमदाराचे काम आणि अधिवेशनाचे सहा दिवस

(सक्करदरा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डिसेंबर उजाडला की नागपूरचे रूप पालटते. आमदार निवासाला नवा रंग चढतो, सिव्हिल लाइन्समधले रस्ते गुळगुळीत होतात आणि यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघू लागतात. उमरेड रोडवरच्या सक्करदऱ्याला या लगबगीचा फारसा स्पर्श होत नाही. विधानभवन येथून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. पण बुधवार बाजारात भाजीचे दुकान मांडणाऱ्या बाईला विचारले, की अधिवेशनात तुमचे काय होते, तर ती हसून मान फिरवील. तिच्या हसण्यात लोकशाहीवरची जी टीका आहे, तिचे उत्तर शोधणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.

नागपूरला अधिवेशन भरते ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला होता, की शासन वर्षातील ठराविक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे होईल. १९५६ साली नागपूरने राजधानीचे पद गमावले; त्या बदल्यात मिळालेली ही हमी होती. राज्यकर्त्यांनी वर्षातून काही काळ तरी लोकांच्या दाराशी बसावे आणि स्थानिक गाऱ्हाणे राज्याच्या धोरणापर्यंत पोचावे, हा तिच्यामागील हेतू. हा हेतू किती उरला आहे, हे तपासण्यास एक हिशेब पुरेसा आहे.

२०२४ सालचे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांचे होते. त्यात सुमारे ३५,७८८ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडण्यात आल्या. दिवसाचा हिशेब केला तर जवळजवळ सहा हजार कोटी. आता दुसरा आकडा घ्या. आमदाराला मतदारसंघात खर्च करण्यासाठी मिळणारा स्थानिक विकास निधी २०२० पर्यंत वर्षाला २ कोटी होता. टप्प्याटप्प्याने वाढत तो २०२२ मध्ये ५ कोटींवर गेला. विधानसभेच्या २८८ आमदारांचा तो मिळून होतो १,४४० कोटी, म्हणजे सहा दिवसांत मांडल्या गेलेल्या त्या पुरवणी मागण्यांच्या शंभरातले अवघे चार. आमदाराचे फलक, भूमिपूजने, कार्यकर्त्यांची रस्सीखेच आणि वृत्तपत्रांतील छायाचित्रे ही सारी त्या चार रुपयांभोवती फिरतात. उरलेल्या शहाण्णवांविषयी वस्तीत चकार शब्द निघत नाही. समाजमंदिर, व्यायामशाळा, सिमेंटचा रस्ता यांची गरज कुणी नाकारीत नाही. परंतु ही कामे नगरसेवकाची आहेत. आमदार जेव्हा मोठा नगरसेवक होतो, तेव्हा सभागृहातील त्याची जागा रिकामी राहते. आणि रिकाम्या जागेचा लाभ नेहमी नोकरशाहीला आणि ठेकेदाराला होतो.

याउलट, स्थानिक प्रश्न हाती घेऊन तो राज्याचा कसा करावा, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात विधानपरिषदेचे सभापती होते. त्यांच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६९ साली रोजगाराच्या हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेचे मोल राज्याला कळले. पागे काँग्रेसचे होते. तरीही काम मागणाऱ्याला काम मिळालेच पाहिजे, हा समाजवाद्यांनी आपला मानावा असाच विचार होता. १९७५ साली व्यवसाय कर बसवून शहरातील पगारदारांकडून पैसा उभा करण्यात आला आणि तो खेड्यातील मजुराच्या हाताला काम देण्यासाठी वळविण्यात आला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ चा राष्ट्रीय कायदा याच वाटेने पुढे गेला. विसापुरातच चार विहिरी खोदून पागे थांबले असते, तर तालुक्याने त्यांचा सत्कार केला असता आणि देश एका कायद्याला मुकला असता.

विदर्भाचा अनुभव याची दुसरी बाजू दाखवितो. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने पुढच्या वर्षी अहवाल दिला. राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटींचा ठरला आणि त्यापैकी सुमारे १,२४७ कोटी एकट्या विदर्भाचे होते. १९८४ मध्येच विधिमंडळाने वैधानिक विकास मंडळांचा ठराव केला. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला, म्हणजे मधली दोन वर्षे अशीच गेली. ठराव करणे सोपे असते. त्याचा पाठपुरावा करणारा प्रतिनिधी दुर्मीळ असतो.

आणि जेथे सभागृहाचे दार उघडत नाही तेथे काय होते, हे नागपूरला सांगावयास नको. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलती मागण्यासाठी गोवारी बांधव विधानभवनाकडे निघाले. पोलिसांच्या लाठीमारानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे गेली; त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. पुढे हा प्रश्न न्यायालयात गेला. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. जे काम विधिमंडळाने ऐकून, अभ्यासून, पुराव्यानिशी करावयाचे, ते रस्त्यावर सोडले गेले आणि नंतर न्यायालयावर ढकलले गेले. शहराच्या मध्यभागी उभे असलेले गोवारी स्मारक हे त्या दुर्लक्षाचे स्मारक आहे.

तेव्हा सक्करदऱ्यातील कार्यकर्त्याने काय करावे? प्रथम, आमदाराकडे जाताना मागणीची चिठ्ठी नेण्यापेक्षा प्रश्नाचा मसुदा न्यावा. भोसलेकालीन तलावाचे उदाहरण घ्या. तो कुणाच्या ताब्यात आहे, पाच वर्षांत त्यावर किती खर्च मंजूर झाला आणि किती झाला, सांडपाणी कोठून येते, हे लेखी विचारता येते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उत्तर द्यावेच लागते. उत्तर अपुरे वाटले तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, तातडीचे असेल तर लक्षवेधी सूचना देता येते. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीपुढे मोजला जातो. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात वस्तीला उरलेला निवडून आलेला जवळचा दरवाजा आमदाराचाच होता. त्या दारावर किती प्रश्न नेले गेले, याचा हिशेब प्रत्येक शाखेने स्वतःशी मांडावा.

दुसरे, अधिवेशन संपल्यावर सभा घ्यावी. आपल्या आमदाराने किती प्रश्न विचारले, पुरवणी मागण्यांवर तो बोलला काय, कोणते आश्वासन मिळाले, हे बुधवार बाजारात वाचून दाखवावे. आमदार कोणत्या पक्षाचा आहे याला येथे महत्त्व नाही. आपला असेल तर अधिक कडक हिशेब घ्यावा.

नागपूर कराराने सरकारला येथे आणण्याची तरतूद केली. सरकारला ऐकावयास लावण्याची तरतूद कोणताही करार करू शकत नाही. ते काम संघटित आणि अभ्यासू लोकमताचे आहे. ज्या दिवशी बुधवार बाजारातील ती बाई न हसता विचारील, की "आमच्या प्रश्नाला काय उत्तर मिळाले?", त्या दिवशी हे अधिवेशन खऱ्या अर्थाने नागपूरचे होईल.