पेटीतली पेटी
(दहावी 'ब', 1990 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे, "आपले फोटो कुठे आहेत?" विषय जरा खोचक आहे, पण तो विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर मीच मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की फोटो, वह्या, कॅसेटी, जे असेल ते पाठवा, मी सगळे कॉम्प्युटरवर जपून ठेवतो. तुम्ही पाठवलेत. कुणी एस.टी.च्या पार्सलने, कुणी भाच्याच्या हाती. 412 फोटो आले, त्यांतल्या निम्म्यांना आपल्याकडच्या पावसाने बुरशी धरलेली. मराठीच्या सरांनी लाल शाईत शेरे मारलेली निबंधाची एक वही आली. आणि तीन कॅसेटी.

यांतली एक कॅसेट निरोप समारंभाची. आपल्यातल्या एकाचे वडील आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन आले होते, त्याच्यावर भरलेली. त्या दिवशी बाईंनी आपली शेवटची हजेरी घेतली होती, आठवते? बाई आज नाहीत. त्यांचा आवाज त्या कॅसेटवर होता आणि ती कॅसेट मी एकदाच वाजवू शकलो. दुसऱ्यांदा लावली तेव्हा फीत आत गुंडाळली गेली आणि तुटली. म्हणजे बाईंचा आवाज आता फक्त माझ्या घरच्या डिस्कवर होता.

आता ती डिस्क कुठे होती ते सांगतो. माझ्याकडे एका कार्यालयातून निघालेला जुना कॉम्प्युटर आहे, 32 जीबी मेमरीचा. तो चोवीस तास चालतो, साधारण 40 वॅट घेतो, म्हणजे महिन्याला 29 युनिट. बायकोला आकडा तोंडपाठ आहे. त्याच्यावर प्रॉक्समॉक्स नावाची मोफत प्रणाली आहे. ती एका कॉम्प्युटरमध्ये अनेक कॉम्प्युटर चालवते. आपल्या शाळेत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक भरायची, इमारत एकच, पण सकाळच्या मुलांना वाटायचे शाळा आपलीच. तसेच हे, फक्त इथे सगळ्या पाळ्या एकाच वेळी भरतात. त्यांतल्या एका पाळीला मी फायली सांभाळण्याचे काम दिले. तिथे ट्रूनॅस चालते. फायलींसाठी ते झेडएफएस वापरते, सन मायक्रोसिस्टम्समध्ये जन्मलेली पद्धत. 4 टीबीच्या दोन डिस्क, दोन्हींवर तेच ते लिहिलेले. एक गेली तर दुसरी आहे. वर झेडएफएस प्रत्येक तुकड्याची बेरीज लिहून ठेवते आणि वाचताना ताळा करते. गणिताच्या सरांना आवडेल अशी गोष्ट.

खरे तर अशा कामाला स्वतंत्र मशीन असावे. पण मला एकाच मशीनवर सिनेमे, घरातले दिवे आणि तुमचे फोटो, सगळेच हवे होते. हौस म्हणा.

इथे मी पहिली चूक केली. आतल्या ट्रूनॅसला डिस्क देण्याचे दोन मार्ग असतात. एक, ज्या कार्डाला डिस्क जोडलेल्या आहेत ते कार्डच आतल्याच्या ताब्यात देऊन टाकायचे, म्हणजे बाहेरच्याला त्या डिस्क दिसतच नाहीत. दोन, डिस्क बाहेरच्याच्या हाती ठेवून आतल्याला फक्त वापरायला द्यायच्या. मी दुसरा मार्ग घेतला, कारण कार्डाला पैसे पडतात. यात आतल्याला डिस्कचे तापमान, तिची खराब झालेली जागा, काही धड कळत नाही. रोगी पडद्याआड आणि डॉक्टर शेजाऱ्याला विचारतोय, असा प्रकार. पण त्याहून वाईट म्हणजे एकाच कपाटाच्या दोन किल्ल्या दोघांच्या हाती राहिल्या.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मला एक मोठे फोल्डर घाईने पेनड्राइव्हवर हवे होते. नेटवर्कवरून वेळ लागत होता, म्हणून मी म्हटले, बाहेरूनच उघडू. बाहेरच्या प्रॉक्समॉक्सने मला स्पष्ट सांगितले की हा साठा दुसऱ्या यंत्राच्या वापरात दिसतो, तरीही हवा असेल तर जबरदस्तीची खूण जोडा. मी जोडली. आतले ट्रूनॅस चालूच होते. आता दोघे एकाच वेळी त्याच डिस्कांवर लिहू लागले, एकमेकांची खबर नसताना. जणू एकाच फळ्यावर दोन शिक्षक दोन तास घेतायत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे पुसतोय.

सकाळी साठा उघडेना. दोन डिस्क होत्या, पण दोन्हींवर सारखाच गोंधळ लिहिलेला. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी दहा ठिकाणी वाचले होते. आणि बॅकअपची जी बाहेरची डिस्क होती ती चार महिने जुनी, कॅसेट भरण्याच्या आधीची. ते चार महिने मी ती लावायला विसरलो होतो. उगाच सारवासारव करत नाही.

त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही. आधी दोन्ही डिस्कांची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कांवर काढली, मूळ बाजूला ठेवल्या, आणि नकलांवर प्रयोग सुरू केले. झेडएफएसमध्ये शेवटचे काही व्यवहार सोडून देऊन थोडे मागच्या स्थितीला जाता येते, आणि साठा फक्त वाचण्यापुरता उघडता येतो. तिसऱ्या दिवशी रात्री तो उघडला. कुठल्या फायली बिघडल्या त्यांची यादी ते नावानिशी देते. 23 नावे होती. त्यांतले 22 फोटो, त्यांचे मूळ माझ्याकडे पाकिटात होते, पुन्हा स्कॅन केले. तेविसावे नाव कॅसेटचे.

त्या फायलीतला एकच तुकडा गेला होता, 128 केबीचा. आवाजाच्या भाषेत पाऊण सेकंद. तेवढा सोडून बाकीचे काढता आले. मी हेडफोन लावून ऐकत गेलो. बाई ओळीने नंबर घेतायत, आपण "हजर, बाई" म्हणतोय, मागे कुणीतरी हसतोय. बाई "एकतीस" म्हणतात. मग शांतता. मग "बत्तीस".

एकतीस नंबर आज इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याची मी फोनवर माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "अरे, मी तेव्हाही बहुतेक वर्गाबाहेरच असायचो."

आता व्यवस्था बदलली आहे. जुने वापरलेले एक कार्ड घेतले, बायोसमध्ये जाऊन सेटिंग चालू केले आणि अख्खे कार्ड ट्रूनॅसला देऊन टाकले. मशीन सुरू होतानाच प्रॉक्समॉक्सने त्या कार्डाला हात लावू नये अशी तजवीज केली. आता मी रात्री दोन वाजता कितीही घाईत असलो तरी बाहेरून त्या डिस्क मला दिसतच नाहीत. इन्व्हर्टर बदलताना मशीन बंद पडायचे, म्हणून वेगळा यूपीएस घेतला. वीज गेली तर आधी आतले ट्रूनॅस बंद होते, मग बाहेरचे. हा क्रम उलटा लावून मी एकदा पाहिला आहे, त्याची हकीकत जेवताना सांगेन. आणि आतल्या मशीनचा बॅकअप मी त्याच मशीनच्या आत ठेवत होतो, म्हणजे किल्ली घरात ठेवून दार ओढून घेण्यातला प्रकार. तोही आता बाहेर गेला.

एक डिस्क नाशिकला बहिणीकडे असते. दर दोन महिन्यांनी ती बदलतो आणि बदलताना कुठल्याही दहा फायली उघडून बघतो. तिसरी प्रत मी आज आणली आहे. ती मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेच्या ग्रंथालयात राहील. तिला पासवर्ड नाही, कारण पासवर्ड माझ्याबरोबर जायला नको.

तुमचे मूळ फोटो दाराजवळच्या टेबलावर पाकिटांत आहेत, नावे लिहिली आहेत. कृपया घेऊन जा. स्कॅन झाले म्हणून टाकून देऊ नका. 17 फोटोंतले चेहरे मला ओळखता आलेले नाहीत, ते वेगळे ठेवलेत, पाठीमागे पेन्सिलने नाव लिहा. सरांची वही ज्याची आहे त्याने ती अजून मागितलेली नाही. शेरे वाचून मला त्याचे कारण कळते.

आता कॅसेट लावतो. पाच मिनिटांची आहे. एकतीस नंबर, तुझ्या हातात माईक दिलेला आहे. बाईंनी नंबर घेतला की बोल.