चाकांवरची मोरी
(रेडिओवरील भाषण)



माझ्या आजोळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती. मोरीला एक भोक, भोकाला चिंधीचा बोळा. बोळा काढला की पाणी भिंतीपलीकडे परसात जायचं. तिथं अळू आणि कर्दळ. तांदळाचं धुवण आजी वेगळं काढायची, ते म्हशीच्या आंबोणात पडायचं. कुठलं पाणी कुठं जातं हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असायचं. पुढं आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो. पाणी जाळीतून खाली गेलं की विषय संपला. माझ्या घरचं सांडपाणी जातं कुठं, हा प्रश्न मला पुढची कित्येक वर्षं पडला नाही. तो पडला थेट न्यूझीलंडमध्ये, भाड्यानं घेतलेल्या एका मोटरहोममध्ये.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. ओटा, शेगडी, सिंक, झोपायच्या फळ्या, एवढासा संडास, सगळं एका गाडीत. मुलगा तिकडं नोकरीला, म्हणून तो, सून, आमचे हे आणि मी असे चौघं क्राइस्टचर्चहून टेकापो तलावाकडे निघालो. गाडी ताब्यात देताना तिथल्या मुलीनं तीन टाक्या दाखवल्या. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी सिंकच्या आणि अंघोळीच्या पाण्याची, ती गाडीच्या पोटाखाली. आणि तिसरी संडासाची, तिला कॅसेट म्हणतात. प्रवासाच्या मोठ्या बॅगेसारखी ती बाजूच्या दारातून ओढून बाहेर काढता येते. मी पहिली टाकी नीट पाहून घेतली. उरलेल्या दोन्हींकडे पाहताना माझं लक्ष बाहेरच्या डोंगरांकडे होतं.

त्या देशात मोकळ्या सार्वजनिक जागेत गाडी लावून रात्र काढण्याला ‘फ्रीडम कॅम्पिंग’ म्हणतात. त्यासाठी 2011 सालचा कायदा आहे आणि 2023 मध्ये तो आणखी कडक झाला. मोकळ्या सरकारी जागेत गाडीत मुक्काम करायचा, तर गाडी स्वयंपूर्ण असल्याचा दाखला बहुतेक ठिकाणी लागतो. त्या दाखल्यामागचा मूळ हिशेब मला फार आवडला. माणशी रोज चार लिटर पाणी, असं तीन दिवसांचं, म्हणजे माणशी बारा लिटर. जेवढं पाणी आत घ्यायचं, तेवढंच वापरलेलं पाणी साठवायची सोयही हवी. सांडपाणी सोडायला तीन मीटरची नळी हवी. कचऱ्याचा डबा झाकणाचा हवा. नव्या कायद्यानं तर संडासही गाडीत कायमचा बसवलेला हवा; सुटा, उचलून ठेवायचा चालत नाही. आम्हा चौघांचे होतात अठ्ठेचाळीस लिटर. आपल्याकडच्या साधारण अडीच बादल्या, त्यात चार माणसांचे तीन दिवस! आमची टाकी याहून मोठी होती, पण आकडा ऐकल्यापासून ह्यांनी दात घासताना नळ बंद करायला सुरुवात केली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी टेकापोच्या कॅम्पवर टाक्या रिकाम्या करायची वेळ आली. त्यासाठी ठरलेली जागा असते, तिला डंप स्टेशन म्हणतात. जमिनीलगत सिमेंटचा उतार, मधे झाकणाचं तोंड, शेजारी धुवायचा नळ. या नळाचं पाणी प्यायचं नाही, अशी पाटी त्यावर असतेच. प्यायच्या पाण्याचा नळ लांब, आणि तिथं सांडपाण्याची नळी न्यायची नाही. सोवळं-ओवळं म्हणजे काय, हे मला त्या दोन नळांमधल्या अंतरानं नव्यानं समजावलं.

आधी कॅसेट रिकामी करायची, मग सिंकचं पाणी सोडायचं, म्हणजे साबणाच्या पाण्यानं ते तोंडही धुतलं जातं. मुलानं हातमोजे चढवले. कॅसेट ओतताना अंगठ्यानं एक बटण दाबून धरायचं असतं, त्यातून हवा आत शिरते. तो ते विसरला. पाणी गटगट करत उसळलं आणि शिंतोडे बुटांवर आले. अधिक वर्णन करत नाही, आपल्यापैकी कुणी जेवत असेल.

मग पोटाखालच्या टाकीची खिट्टी ओढली. करंगळीएवढी धार आली आणि थांबली. आतल्या पट्टीवरचा दिवा तर सांगत होता, टाकी भरलेली आहे. मागं दोन गाड्या रांगेत उभ्या. मला एकदम तेलाचा पंधरा किलोचा डबा आठवला. डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एक तेलाला आणि एक हवेला. सिंकमध्ये मी सवयीनं बूच घालून ठेवलं होतं, ते आत जाऊन काढलं. धार थोडी वाढली. मागच्या गाडीतले एक आजोबा उतरले, वाकून खाली पाहिलं आणि हातानंच खूण केली: गाडी उलट्या बाजूला कललेली आहे. टाकीचं तोंड एका कडेला, उतार दुसऱ्या कडेला. त्यांनी आपल्याकडची पाचर दिली, एक चाक तिच्यावर चढवलं, तेव्हा पाणी खळाळून आलं. तरी शेवटचं पाणी अडलंच. मुलानं तोंडाशी तार फिरवली आणि बाहेर आली भाताची शितं, पांढऱ्या चिकट थरात रुतलेली. तो थर तुपाचा होता. तीन दिवस आम्ही वरणभातावर सढळ हातानं साजूक तूप घेतलं होतं, ताटं तशीच सिंकमध्ये विसळली होती, आणि तिथल्या थंड रात्रींत ते टाकीच्या तळाशी थिजलं होतं. शितावरून भाताची परीक्षा करतात. इथं शितांनी आमची परीक्षा घेतली.

उपाय साधा निघाला. टाकीत बादलीभर गरम पाणी, म्हणजे उकळतं नव्हे, हाताला सोसेल एवढं, आणि भांडी घासायचा साबण घातला. खिट्टी लावून गाडी तशीच पुढं नेली. रस्त्यावरच्या वळणांनी टाकी आतून घुसळून निघाली आणि पुढच्या ठिकाणी सगळं सुटून आलं. त्या दिवसापासून आमचा नियम झाला: ताट आधी कागदानं पुसायचं, मग धुवायचं, सिंकवर बारीक जाळी हवीच.

आणखी एक गंमत. गाडीत दुर्गंधी येऊ नये म्हणून सिंकखालच्या पाइपाला बाक असतो, त्यात थोडं पाणी कायम राहतं आणि वास अडवतं. गाडी फार हिंदकळली किंवा बरेच दिवस उभी राहिली की ते पाणी जातं आणि वास वर येतो. अशा वेळी पेलाभर पाणी ओतलं की झालं. हीच युक्ती आपल्या बाथरूमच्या जाळीखाली असते. देशभरचे प्लंबर तिला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी अशी बांधकामाच्या भाषेत जाऊन बसली आहे. गावी सुट्टीला जाऊन आल्यावर बंद घरात वास आला, तर आधी तिथं तांब्याभर पाणी ओता.

या सगळ्याला न्यूझीलंडमध्ये आणखी एक पदर आहे. तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या परंपरेत माणसाच्या मैल्याचं पाणी थेट नदीत किंवा तलावात मिसळणं निषिद्ध आहे. ते आधी भूमातेतून झिरपून शुद्ध व्हावं लागतं. जेवणाशी संबंधित फडकी ते अंगावरच्या कपड्यांबरोबर धूत नाहीत. सुनेनं हे सांगितलं, तेव्हा मला आजीच ऐकू आली. त्या देशानं 2017 मध्ये व्हांगानुई नदीला कायद्यानं व्यक्तीचा दर्जा दिला आहे. टेकापोचं ते निळं पाणी पाहिलं की कळतं, खिट्टी तलावाकाठी का उघडायची नाही.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या आपल्या किनाऱ्यावर, घाटांत, धरणांकाठी फिरू लागतील, आणि फिराव्यातही. पण गाडी ठरवताना आपण एसी चालतो का, टीव्ही आहे का, हेच विचारतो. यापुढं एक प्रश्न आधी विचारा: वापरलेलं पाणी रिकामं करायचं कुठं? समोरच्याला उत्तर देता आलं नाही, तर त्या गाडीचं भाडं भरू नका.