माळ्यावरील ट्रंकेतील सैनिकी सामान
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



जुने सैनिकी सामान जमविणे हा आमचा छंद. छंदी माणसाला बोलावयास उभे केले की तो घड्याळाकडे पाहत नाही, ही भीती अध्यक्षांच्या मुद्रेवर दिसतच आहे. तेव्हा थोडक्यात सांगतो. ज्यांचे आजोबा-पणजोबा पलटणीत होते अशी घरे आपल्या ज्ञातीत थोडी नाहीत. त्यांची ट्रंक माळ्यावर पडून असते आणि घर पाडावयास काढले की ती भंगारवाल्याकडे जाते.

या ट्रंकांत काय असू शकते? १९०३ च्या नमुन्याचा, खांद्यावरून आडवा घालावयाचा चामडी पट्टा. त्याला पाच खिसे, पन्नास काडतुसांचे. किंवा १९०८ च्या नमुन्याचे जाड सुती विणीचे सामान. त्यात दहा खिसे, प्रत्येकात १५ काडतुसे. काडतूस सुमारे २५ ग्रॅमचे, म्हणजे दीडशे काडतुसांचे पावणेचार किलो ओझे केवळ छातीवर; पाणी, शिधा व फावडे निराळे. ली-एनफील्ड रायफलीच्या दस्त्याला मागे एक लहानसे झाकण असे. आत पितळेची तेलाची कुपी आणि नळी साफ करण्याची दोरी. ती कुपी पाहून एखाद्यास अत्तराची वाटावी! दोरीला शिपाई आपल्या जिभेने 'फुलतरू' म्हणत आणि तिच्या फासात अडकविण्याच्या कापडाला 'चिंधी'. आम्हांस हे शब्द त्या पितळेइतकेच जपण्याजोगे वाटतात.

सामानावर बहुधा सालाचा शिक्का असतो. वर टोक केलेला बाण व त्याखाली रोमन 'आय' दिसला, तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालाची खूण. मात्र हल्ली हुबेहूब नकला विकत मिळतात आणि शिक्काही नकली मारता येतो. म्हणून बाजारातील वस्तूपेक्षा घरातील वस्तू आम्ही मोलाची मानतो, आणि त्यातही जिच्या कापडावर शाईने शिपायाचा क्रमांक लिहिलेला असेल ती सर्वांत मोलाची.

क्रमांकाला एवढे महत्त्व का, ते ऐका. डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियातील चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी १९२९ साली बसऱ्यास स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा! अशा भेदभावाबद्दल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली माफी मागितली. जो घरी परतला नाही, त्याचे सामानही आले नाही. आले ते चांदीचे युद्धपदक. त्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उमटविलेली असते. तेच पदक सराफाकडे चांदीच्या भावाने मोडले, तर घरातील ते नाव कायमचे वितळते.

आता निगेविषयी. दिवाळीच्या साफसफाईत पितळ लख्ख घासू नका, शिक्के झिजतात. कापड उकळत्या पाण्यात टाकू नका, शाई जाईल. चामड्याला गोडेतेल चोपडू नका. पितळी बक्कल चामड्याला लागून राहिली की हिरवा थर चढतो. मध्ये स्वच्छ सुती कापड घालावे. पावसाळ्यात बुरशीचे भय फार, म्हणून ट्रंक भिंतीला टेकवू नये आणि कोरडी हवा सुटली की सामान सावलीतच वाळवावे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बजावतो. जिवंत काडतूस सापडले, तर ते मुलांच्या हाती देऊ नका आणि स्वतः खोलण्याचा पराक्रम तर मुळीच करू नका, पोलिसांस कळवा. बुडावर 'के एफ' अक्षरे असली तर ते आपल्या खडकीच्या कारखान्यातील, परंतु घरचे म्हणून ते कमी घातक नव्हे. बंदूक व काडतुसे यांस १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे.

वस्तू कोणाची, त्याचे गाव कोणते, पलटण कोणती आणि ती घरात कोणाकडून आली, एवढे एका कागदावर लिहून त्या वस्तूसोबत ठेवा. घरातील वृद्ध स्त्रियांना प्रथम विचारा. पुष्कळदा पुरुषांपेक्षा त्यांनाच अधिक आठवते. ज्यांनी आज काही आणले असेल, त्यांच्यासाठी आम्ही दाराजवळच्या मेजावर वही व शिसपेन्सिल घेऊन बसत आहोत.