केडगावचा मळा, आपली सांदवाडी

चर्चनं किंवा मिशननं गरजू घरांसाठी पिकवलेल्या भाजीपाल्यावर बोला, असं रेडिओ केंद्राकडून सांगणं आलं. मी मारेगावचा, निवृत्त मास्तर. आपल्याकडे मिशन म्हटलं की लोकांना उमरीचा दवाखाना आठवतो. मला मळा आठवतो, पुणे जिल्ह्यातल्या केडगावचा, पंडिता रमाबाईंचा.

1889 साली रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, एवढं आपण पोरांकडून पाठ करून घेतो. पुढचं राहून जातं. सदन पुण्याला गेलं. अमेरिकेतल्या मंडळींनी मदतीचा शब्द दिला होता, तो दहा वर्षांचा. दहा वर्षं सरल्यावर सदनातल्या मुलींनी खायचं काय? म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. फळझाडं लावायची आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा हिशेब. पुन्हा सांगतो, हिशेब. नुसती दया नव्हती ती.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, सदनात माणसं वाढवायची सोय नव्हती. तेव्हा केडगावची जमीन कामी आली. 1900 च्या दुष्काळानंतर तिथं जवळजवळ दोन हजार जणी झाल्या. त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, धान्य, भाजीपाला, फळं पिकवली, गाई ठेवल्या. आणि त्या मळ्यात राबत कोण होतं? त्याच मुली! हात कुणापुढं पसरायचा नाही. आपण खुरपलेल्या वाफ्यातली भाजी आपल्या ताटात.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे आई-वडील गेले, मग थोरली बहीण गेली. त्या दिवसांत या विद्वान घरानं रानातला पाला आणि रानफळं खाऊन दिवस काढले होते.

पाला म्हटलं की माझी गाडी आमच्या गावात अडते. पावसाळ्याच्या तोंडाला कोवळा तरोटा, धुऱ्यावरची चिवळ, कपाशीच्या पाट्यात अंबाडी. गरिबाचं कालवण त्यावर निघायचं आणि कुणी कुणाचे आभार मानत नव्हतं. घरामागं सांदवाडी असायची. न्हाणीचं पाणी तिकडं काढलेलं, त्यावर वालाचा मांडव, वांग्याची चार झाडं, आणि कोहळ्याचा वेल कवेलूवर चढलेला. कोहळं मोठी चीज आहे बरं का! एका घराला एक कोहळं सरत नाही. चिरलं की फोडी चार घरी जातातच. माझी आई फोड पाठवताना त्यावर चाळणी झाकायची. पोरानं वाटेत कुणाला दाखवायची नाही, सरळ चुलीपाशी नेऊन ठेवायची. घेणारीलाही त्यात काही वाटायचं नाही, कारण पुढच्या महिन्यात तिच्या वेलाचं कोहळं आमच्याकडे यायचं.

आता रागावतो थोडं. कपाशी अंगणाला येऊन भिडली. तणनाशक मारलं की तरोटाही गेला, चिवळही गेली. आठ एकरवाला शेतकरी बाजारातून सांबाराची जुडी विकत आणतो! भेदरं विकत, मिरची विकत! आणि न्हाणीचं पाणी? ते रस्त्यावर. लाज वाटत नाही का, असं वर्गात विचारलं असतं. इथं विचारत नाही.

तर चर्चचं आवार असो, मंदिराचं असो, शाळेचं असो, दोन गुंठे मोकळे असतील तर वाफे पाडा. गरज कुणाला आहे, हे गावात विचारावं लागत नाही. त्या घरच्या बाईला भाजी नेऊन देऊ नका, वाफाच द्या. खुरपणी ती करेल, तोडा तिचा.

केडगावच्या विहिरींबद्दल सांगायचं होतं, पण काचेमागून हात दाखवताहेत. बियाण्याचं तेवढं सांगतो. पहिलं, तजेलदार दोडकं खाऊ नका, वेलावरच वाळू द्या. त्याचं बी राखेत घोळून गाडग्यात ठेवा. आणि गाडगं चुलीच्या वर, जिथं धूर... बरं, बरं.