अब्बांची वही

आमच्याकडे जनाज्याच्या नमाजीपूर्वी घरातला मोठा मुलगा जमलेल्या लोकांसमोर उभा राहतो आणि सांगतो, की मरहूमांकडे कोणाचे काही देणे राहिले असेल तर मला सांगा, ती जबाबदारी आता माझी. २००९ च्या पावसाळ्यात अब्बा गेले, तेव्हा हे मी बोललो. कवी माणूस, चारचौघांत बोलायची सवय. पण बोलता बोलताच मनात आले, की मी जबाबदारी घेतोय ती नेमकी कशाची? अब्बांचे कोणाला किती देणे आहे, कोणाकडून किती येणे आहे, पेन्शन कोणत्या शाखेत जमा होते, मला काडीचीही माहिती नव्हती. कोणी पुढे आले नाही. आम्ही नमाज पढलो आणि निघालो.

अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते. व्यवहाराला चोख. त्यांनी लिहून ठेवले नव्हते असे कोणी म्हणू नये. लोखंडी ट्रंकेत, हिवाळी कपड्यांच्या खाली, लाल कापडी बांधणीची वही होती आणि तीत तीस वर्षांची पै न पै मांडलेली होती. फक्त ती उर्दूत होती.

आम्हा भावंडांना अब्बांनीच मराठी शाळेत घातले. इथे राहायचे, इथे नोकरी करायची, तर इथली भाषा पक्की हवी, असे त्यांचे मत. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो. माझी पहिली कविता छापून आली तेव्हा त्यांनी तो अंक शाळेत नेऊन शिक्षकांना दाखवला होता. कुराण वाचण्यापुरती अक्षरओळख मला आहे, पण अब्बांचे ते घाईतले, ठिपके गाळलेले अक्षर माझ्या आवाक्याबाहेरचे. आकडे कसेबसे लागत, नावे लागत नसत. म्हणजे पाच हजार आहेत हे कळे. ते येणे की देणे, आणि कोणाचे, हे कळत नसे. आज वाचू, उद्या कोणाकडून वाचून घेऊ, असे करत वही पुन्हा ट्रंकेत गेली.

दोन वर्षांनी अब्बांचे एक जुने सहकारी लग्नाच्या निमित्ताने गावात आले. त्यांनी एका संध्याकाळी चहा पीत पीत ती वही वाचून दाखवली. एका पतसंस्थेत आठ हजारांची ठेव निघाली, तिची पावती शब्दकोशात ठेवल्याची नोंदही होती. एकाकडून तीन हजार येणे होते. त्यापुढे अब्बांनी 'माफ' असे लिहून रेघ मारली होती. आणि मग ते थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बेटा, हे एक राहिलंय." माझ्या बहिणीच्या लग्नात अब्बांनी गल्लीतल्या बुकबाइंडरकडून बारा हजार हातउसने घेतले होते. सात फेडले होते. पाच बाकी.

तो बुकबाइंडर अब्बांच्या आधीच वारला होता. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोकडे पैसे घेऊन गेलो. तिला सगळे माहीत होते. मी म्हटले, "भाभी, तुम्ही सांगितलं का नाही?" ती म्हणाली, "मास्तरांच्या घरात दुःख होतं. आणि माझ्याकडे कागद कुठे होता? तुम्हाला वाटलं असतं, बाई खोटं बोलते." त्याच दोन वर्षांत धाकट्याच्या आय.टी.आय.च्या फीसाठी तिने हातातली बांगडी मोडली होती. हे तिने सांगितले नाही, तिच्या सुनेने सांगितले. पाच हजार मी दिले, पण त्या बांगडीचे काय करायचे, ते मला अजून समजलेले नाही.

कुराणातली सर्वांत लांब आयत ही देवघेव लिहून ठेवण्याविषयी आहे. अब्बांनी ती पाळली होती. मी मात्र तोवर समजत होतो, की लिहिले म्हणजे झाले. मागे राहणाऱ्याला वाचता येईल अशा लिपीत, त्याला सापडेल अशा जागी लिहायला हवे, ही गोष्ट एका लेखकाला पन्नाशीकडे झुकताना कळावी, याची लाज वाटते.

दुसरी गोष्ट शेजारची. आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला २०२३ च्या डिसेंबरात झोपेतच गेला. वय चव्वेचाळीस. त्याची बायको बचत खात्यातले अकराशे रुपये काढायचा अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे आली. बी.ए. झालेल्या माणसाला गल्लीत एवढा मान अजून आहे. पासबुक चाळताना मे महिन्यात ४३६ रुपये कापलेले दिसले. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची वर्षाची रक्कम. २०२२ पूर्वी ती ३३० होती. विमाधारक गेला तर घरच्यांना दोन लाख मिळतात. बँकेत कोणीतरी फॉर्म पुढे केला, त्याने सही केली आणि घरी सांगायचे राहून गेले. तिला ते बँकेचे काहीतरी कटिंग वाटत होते. पैसे मिळाले, पण उशिरा. कारण नॉमिनी म्हणून नाव होते त्याच्या आईचे, आणि ती कोरोनाच्या साथीत गेलेली. वारसाचे कागद जमवण्यात पाच-सहा महिने गेले. एका ओळीचा बदल त्याने जिवंतपणी केला असता तर ते हेलपाटे वाचले असते.

त्या आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली. बायको म्हणाली, "भलत्या वेळी हे काय अभद्र काढलंत?" मी म्हटले, याला भली वेळ नसतेच. मग एका रविवारी आम्ही बसलो. खाती, शाखा, पॉलिसीचे क्रमांक, घरपट्टी कोणाच्या नावावर आहे, पिग्मीचे पैसे कोण गोळा करतो, भिशीत माझे किती हप्ते गेले. पिन किंवा पासवर्ड वहीत लिहिले नाहीत. हे मात्र लिहिले, की माझा मोबाइल क्रमांक लगेच बंद करू नका, कारण हल्ली सगळे निरोप त्याच्यावर येतात. आणि मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करून दाखल्याच्या दहा प्रती घ्या. हे लिहिताना हात जरा अडखळला, खरे सांगतो. मुलगी इंग्रजी माध्यमातली. तिला वही वाचायला दिली तर म्हणाली, "अब्बा, हे 'येणे' आहे की 'देणे'?" म्हणजे माझ्याही अक्षराची गत अब्बांसारखीच! सगळी पाने पुन्हा सुटी अक्षरे काढून लिहिली.

रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ काढले. वर्षानुवर्षे हात न लागलेल्या बँक ठेवी त्यावर नावाने शोधता येतात. चांगली सोय आहे. पण पतसंस्था, भिशी, हातउसने हे तिथे सापडत नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक, असे समजून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत. बँक नॉमिनीच्या हाती रक्कम ठेवून मोकळी होते. वारसांचे हक्क शिल्लकच असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात शेअरच्या बाबतीत हेच सांगितले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, एवढी सोय वाढली आहे. आमच्या कायद्यात क्रम ठरलेला आहे : आधी दफनाचा खर्च, मग देणी, मग मृत्युपत्र, तेही इतर वारसांची संमती नसेल तर एक तृतीयांशापुरतेच, आणि त्यानंतर वाटण्या. म्हणजे देण्यांचे पान आधी.

ते पान मी उघडले आणि थांबलो. लग्नात कबूल केलेली मेहरची रक्कम, ५,७८६ रुपये, मी बायकोला दिलेलीच नव्हती. ती मागत नाही, आपण देत नाही, असेच घरोघर चालते. पण ते कर्ज आहे. अब्बांचा जनाजा उचलण्याआधी बायकांनी अम्मीला विचारले होते, "मेहर माफ केलीस ना?" तिने रडत रडत मान हलवली होती. त्या वेळी दुसरे काय करणार होती ती? माझ्या बायकोवर ती वेळ येऊ नये, म्हणून सोमवारी बँकेतून पैसे काढून मी तिच्यासमोर ठेवले. तिने आधी मला ताप आहे का ते पाहिले. मग दोनदा मोजले आणि वहीत माझ्या नोंदीखाली 'मिळाले' लिहून सही केली.

ते पैसे तिने पोस्टात ठेवले आहेत. नॉमिनी कोण लावलाय, विचारले तर सांगत नाही. वहीत लिहिलंय म्हणते, तुम्हाला वाचता येईल अशा अक्षरात.